बाईसाहेबांचे हात

काका फ्रीवेवर गाडी घालायचे नाहीत. सांता क्लाराहून सॅन फ्रान्सिस्कोला जायला सगळं जग फ्रीवे घेतं आणि तासाभरात पोचतं. काका मात्र एल कमिनो नावाच्या जुन्या रस्त्याने, गावागावांतून, एकेका सिग्नलची विचारपूस करत जायचे. मी पहिल्यांदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "फ्रीवेवर काय दिसतं? पुढच्या गाडीचे दिवे. इथे सिग्नलला थांबलं की शेजारच्या गाडीतलं माणूस दिसतं." आणि ते खरोखर बघायचे. लाल दिवा लागला की मान वळवून शेजारच्या बाईच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे टक लावायचे. दिवा हिरवा व्हायचा, मागून हॉर्न वाजायचे, ती बाई काच वर करायची आणि मी सीटमध्ये जितकं खाली सरकता येईल तितकं सरकायचे. काकांबरोबर गेले आणि लाज वाटली नाही, असा एकही शनिवार मला आठवत नाही.

नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं होती. मी सॅन होजेला एम. एस. करत होते आणि काकांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली होती. काकू एका नर्सिंग होममध्ये नर्स होत्या. शनिवारी त्यांची ड्युटी असायची, म्हणून काकांना म्युझियममध्ये सांभाळायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

"तू नुसती बाकावर बसून अभ्यास कर," काकू म्हणाल्या. "जेवायची वेळ झाली की त्यांना ओढून बाहेर काढ आणि डबा खायला घाल. हात धुतल्याशिवाय पोळीला शिवू देऊ नकोस. रंगात विष असतं, आणि हा माणूस आधीच अर्धा त्यात गेलाय."

काका म्युझियममध्ये एका चित्राची नक्कल करायचे. रीतसर परवानगी काढून, कॅनव्हास ठेवायचा घोडा उभा करून, खाली चादर अंथरून. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्यात टाय. वरून रंगाने बरबटलेला एप्रन. बाकीचे नक्कल करणारे जीन्समध्ये यायचे. "साहेबांसमोर उभं राहायचं तर टाय नको?" काका म्हणायचे.

साहेब म्हणजे तो चित्रकार. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच माणूस, सरकारी अकादमीच्या मुशीतून निघालेला, पदकं-बिदकं मिळवलेला आणि आता पार विसरला गेलेला. शेजारच्या दालनात त्याच्याच काळातल्या बंडखोरांची चित्रं होती. तिथे कायम गर्दी. आमच्या कोपऱ्यात लोक फक्त बाथरूम कुठे आहे ते विचारायला यायचे. काकांनी त्या चित्रकाराचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. गवयी गुरूचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावतात, तसे काका 'साहेब' म्हणताना पाळीला हात लावायचे, म्हणून त्यांच्या उजव्या पाळीला नेहमी कसला तरी रंग असायचा. म्युझियमच्या पुस्तकात साहेबांवर चार ओळी होत्या. बाकीचं चरित्र काकांनी स्वतः रचलं होतं. साहेब धोबिणीचा मुलगा होते. साहेब चिडले की मॉडेलला नव्हे, ब्रशला शिव्या द्यायचे. साहेब रविवारी काम करत नसत, फक्त वाळलेल्या रंगावरून बोट फिरवून बघत. मी विचारलं, "हे कुठे वाचलंत?" तर म्हणाले, "वाचायला कशाला लागतं? काम बघितल्यावर माणूस कळतो."

घरातसुद्धा साहेब असायचेच. मी कांदा जाडा चिरला की साहेब रागावणार. काकूंनी गाडी वाकडी लावली की साहेब रागावणार. स्वयंपाकघराची कपाटं रंगवायला काढली तेव्हा काकांनी पातळ रंगाचे इतके हात दिले की एका दुपारच्या कामाला उन्हाळा लागला आणि आम्ही सगळी भांडी जेवणाच्या टेबलावर मांडून जेवलो. पण नंतर त्या कपाटांवर ब्रशची एक रेघ दिसत नव्हती. तेच त्यांचं तत्त्व होतं. "काम दिसता कामा नये," ते म्हणायचे, "माणूस दिसला पाहिजे." साहेबांच्या काळच्या अकादमीची ती शिकवण. आधी रेखाटन, मग तपकिरी रंगाचा पातळ थर, तो वाळला की त्यावर दुसरा, तो वाळला की तिसरा, आणि प्रत्येक थर मऊ कोरड्या ब्रशने असा गुळगुळीत करायचा की रंग लावलाय हेच कळू नये. शनिवारी एक थर, पुढच्या शनिवारी दुसरा. माझी एक सेमिस्टर संपायची तेव्हा काकांचा एका बाहीचा सुरकुतलेला साटीन संपायचा.

नोकरीत ते चिपचे नकाशे काढायचे. इंजिनिअर सर्किट आखून देत आणि काका संगणकाच्या पडद्यावर तांबड्या, निळ्या, हिरव्या पट्ट्या एकमेकींवर अशा बसवत की कुठे एक काडी जास्त जागा जायची नाही. कंपनीत त्यांच्या सफाईला मान होता. पण त्याआधी तरुणपणी ते मुंबईच्या कलाशाळेत व्यक्तिचित्रण शिकले होते. पदक मिळवलं होतं आणि पदक मिळालं त्याच वर्षी शाळा सोडली होती. का, ते कोणालाच माहीत नव्हतं, काकूंनाही नाही. विचारलं की म्हणायचे, "पोट होतं ना."

आता त्या चित्रातल्या बाईबद्दल. काका तिला बाईसाहेब म्हणत. पॅरिसमधल्या कुठल्याशा बँकवाल्याची बायको, चाळिशीची, काळ्या साटीनचा झगा, गळ्याशी लेस, मागे मखमली खुर्ची. चेहरा घरी पाहुणे आल्यावर करतात तसा. सगळं कसं मऊ, चकचकीत, मुरलेलं. आणि मांडीवर दोन हात. ते हात त्या बाईचे वाटतच नव्हते. मोठे, लालसर, सांधे फुगलेले, नखं आखूड. साहेबांनी बाईचा दंड बारीक केला असेल, हनुवटी उचलली असेल, पण हातांना मात्र काही केलं नव्हतं. लग्नाआधी ती काय काम करत होती कोण जाणे. काका म्हणायचे, "नवऱ्याने पैसे दिले चेहऱ्याचे. हात साहेबांनी स्वतःसाठी काढले."

आणि गंमत अशी की काकांच्या नकलेत सगळं होतं, फक्त हात नव्हते. म्युझियमचा नियम असा की नक्कल मूळ चित्राच्या मापाची नको, म्हणजे कोणी अदलाबदल करायला नको. काकांनी कॅनव्हास जरा मोठा घेतला होता. त्यावर चेहरा झाला, लेस झाली, खुर्चीच्या मखमलीवरचा उजेड झाला, काळा साटीन तर असा झाला की हात फिरवावासा वाटे. आणि मांडीवर मधोमध तपकिरी रंगाचा एक कोरा डाग. आमच्या दालनात एक वयस्कर फिलिपिनो पहारेकरी असायचा. तो दर शनिवारी यायचा, चित्र बघायचा आणि विचारायचा, "हँड्स टुडे, सर?" काका टाय सारखा करत म्हणायचे, "नेक्स्ट सॅटर्डे, सर." दोघेही एकमेकांना सर म्हणत. माझ्या मैत्रिणींना मी एकदा हौसेने चित्र दाखवायला नेलं तर एक जण हसत म्हणाली, "यार, हिचे हात कुठे पळाले?" काका हसले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हात काढायचे नव्हते म्हणावं, तर ते सगळीकडे हातच हुडकायचे. सिग्नलला, दुकानात, लायब्ररीत. आमच्या लोकांत तर त्यांची ख्याती ज्योतिषी म्हणून झाली होती. कोणी वहिनी भेटली की काका म्हणायचे, "जरा हात बघू." वहिनी खुशीत तळहात पुढे करायच्या, ग्रीन कार्ड कधी होईल म्हणून विचारायच्या. काका हात धरून उलटा करायचे, उजेडाकडे वळवायचे, सांधे दाबून बघायचे आणि "नाही," म्हणून सोडून द्यायचे. आता 'नाही' म्हणजे ग्रीन कार्ड नाही, असं वाटून एक वहिनी रडल्यासुद्धा. काकूंना घरोघरी फोन करून सांगावं लागलं, की आमच्या ह्यांना भविष्यातलं काही कळत नाही, ते चित्रासाठी बघतात. त्यावर लोकांनी काय तर्क काढले असतील ते काकू मला सांगायच्या नाहीत, पण पुढच्या वेळी काका कुणाच्या जवळ गेले की काकूंचं कोपर त्यांच्या बरगडीत बसायचं.

मग एका वसंतात म्युझियमने जाहीर केलं की इमारत भूकंपात टिकेल अशी करायची आहे, म्हणून सगळं म्युझियम काही वर्षं बंद राहणार. चित्रं उतरवून कुठे कुठे ठेवणार. नक्कल करणाऱ्यांना जूनअखेरपर्यंतची मुदत. त्यानंतर बाईसाहेब पुन्हा कधी आणि कुठे भेटतील ते कोणीच सांगू शकत नव्हतं. काकूंनी स्वच्छ विचारलं, "मग आता तरी हात काढणार का?" काका म्हणाले, "काढणार." पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. त्यानंतरचे चार शनिवार ते खुर्चीच्या पायावरच काम करत बसले.

त्याच महिन्यातली ती बुद्धवंदना. महिन्यातून एका रविवारी आम्ही सगळे कोणाच्या तरी घरी जमायचो. नागपूर, अकोला, औरंगाबाद, मुंबई, कुठून कुठून शिकून वर आलेले आणि इथे येऊन पोचलेले आम्ही लोक. कोणी इंजिनिअर, कोणी डॉक्टर, कोणी माझ्यासारखी विद्यार्थी. वंदना व्हायची, जेवण व्हायचं, मग घरांच्या गोष्टी, व्हिसाच्या गोष्टी. त्या रविवारी ज्याच्याकडे जमलो होतो तो एका कंपनीत मोठा मॅनेजर होता. त्याची आई नुकतीच अकोल्याकडच्या खेड्यातून आली होती. सगळे तिला मावशी म्हणत होते. मावशी सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, अंग चोरून, दोन्ही हात पदराखाली. कोणी काही विचारलं की नुसत्या मान हलवत होत्या. मॅनेजरची मुलं "आजी, से हाय" करत होती.

सुनेने चहा आणला. कप घ्यायला मावशींनी हात बाहेर काढला आणि काकांनी तो पाहिला.

काका खोलीच्या दुसऱ्या टोकाहून सरळ चालत आले. गालिच्यावर गुडघे टेकून बसले आणि मावशींचा तो हात कपासकट धरला. काकूंचं कोपर पोचण्यापलीकडे गेलं होतं सगळं.

"मावशी, हालू नका," काका म्हणाले. त्यांनी हात उलटा केला, खिडकीकडे वळवला. मग एकदम मान वर करून आम्हा सगळ्यांना म्हणाले, "बघा. जरा इकडे या, बघा सगळे. हा सांधा बघा. हा असा वीट उचलून होतो. अंगठ्यामागे हे पांढरं आहे ना, हे चुन्याने खाल्लंय. बघा ना!"

कोणी उठलं नाही. पण बघितलं सगळ्यांनी, बघावंच लागलं. वाकलेली बोटं, जाड पिवळी नखं, एक उभं चिरलेलं, अंगठ्यामागे पांढरे चट्टे. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी असे हात होते. माझ्या आईने आयुष्यभर बिड्या वळल्या. इथे आम्ही एकमेकांना डिग्र्या सांगायचो, कंपन्यांची नावं सांगायचो, आणि हे हात कोणी कोणाला सांगत नव्हतं. त्या खोलीत ते असे उघड्यावर पडले आणि सगळ्यांनाच लाज वाटली. हातांची वाटली की लाज वाटल्याची वाटली, मला आजही सांगता येत नाही. मी माझ्या कपात बघत राहिले.

"काका, प्लीज," मॅनेजर म्हणाला. काकांना ऐकूच गेलं नाही. "काका, इनफ! माझी आई आहे ती. एक्झिबिशन लावलंय का इथे?"

मावशींनी हात हिसकला. चहा गालिच्यावर सांडला. आणि मग ते झालं जे मला सगळ्यात जास्त आठवतं. मावशी खाली बसल्या आणि पदराच्या टोकाने गालिचा पुसायला लागल्या. "माह्याच्यानं सांडलं," म्हणत होत्या. "माह्याच्यानं झालं, बापा." सून त्यांना उठवत होती, त्या उठत नव्हत्या. काका तिथेच गुडघ्यावर होते. त्यांचं तोंड मी पाहिलं. ओळख लपवून चाललेल्या माणसाला भर रस्त्यात कोणीतरी नावाने हाक मारावी, तसं.

परत येताना काकांनी एकाही सिग्नलला शेजारी पाहिलं नाही.

पुढचा शनिवार उजाडला तर टाय खुंटीवरच. काका गॅरेजमध्ये कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून खुर्चीवर बसून होते. "जा की," काकू म्हणाल्या. "दोन शनिवार उरलेत. परत कोण परवानगी देतंय?" काका म्हणाले, "नको. मला तो अधिकार नाही." काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता हे आणि काय?" मलाही कळलं नव्हतं. हात उघडे पाडले म्हणून एक माणूस इतका खचतो, हे काही पटत नव्हतं.

मधल्या एका संध्याकाळी, चांगलं ऊन असताना, दारात मॅनेजरची गाडी थांबली. तो आत येईना. गाडीपाशीच किल्ली फिरवत उभा राहिला. मावशी एकट्याच पायऱ्या चढून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "कोन्या भाऊले पाह्याचे होते माहे हात?"

काका उठून उभे राहिले. "मावशी, माझं चुकलं. तुम्हाला चारचौघांत..."

"चुकलं तं चुकलं. ते झालं." मावशी सोफ्यावर बसल्या. "पन काहून पाह्यत होता ते सांग. कोनाचे हात हुडकून राह्यला तू?"

मी चहा टाकायला उठले होते, ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. काकू माझ्या मागे होत्या.  काका मान खाली घालून, मावशींच्या चपलांशी बोलत असल्यासारखं बोलले.

"माझी आई वीटभट्टीवर होती, मावशी. मी मुंबईला कलाशाळेत. मला पदक मिळालं. एका बाईचं चित्र होतं, रेशमी साडीतल्या. प्रदर्शनात लावलं होतं. आईला गावात कोणीतरी सांगितलं. ती एकटी, विचारत विचारत, शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मी मित्रांबरोबर बाहेर येत होतो. एकाने विचारलं, 'ही कोण रे?' मी म्हणालो, 'आमच्या गावची बाई आहे. निरोप आणलाय.'"

"तिनं आयकलं?"

"ऐकलं. मी तिला बाजूला घेतलं. मान वर केलीच नाही. तिने पदराची गाठ सोडून वाळलेल्या बोरांची पुरचुंडी माझ्या हातात दिली. म्हणाली, तुझं चित्र बघायला आले. मी म्हणालो, आज बंद आहे. मागे लोक जात होते, येत होते. ती बरं म्हणाली आणि गेली. त्याच वर्षी वारली." काका थांबले. "तिचा फोटो नाही. कोणी काढलाच नाही कधी. आणि मी पोर्ट्रेटचा पदकवाला, मला तिचा चेहरा आठवत नाही. खूप प्रयत्न केला. मान खाली होती ना माझी. म्हणून हातच तेवढे दिसले. आता तेही पुसट व्हायला लागलेत."

मागे काकूंनी नळ सोडला आणि तो बराच वेळ तसाच वाहत ठेवला. त्यांच्या लग्नाला वीसेक वर्षं झाली होती आणि हे त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

मला वाटलं, मावशी काहीतरी समजुतीचं बोलतील. आईला सगळं कळतं, वगैरे. त्या म्हणाल्या, "लय वाईट केलं तू." काकांनी मान हलवली. मग मावशींनी विचारलं, "पोरगा सांगे, तुहं ते चित्राचं घर बंद होते. कवा?"

"येत्या शनिवारी. शेवटचा दिवस."

"मंग त्या दिशी मले घेऊन चाल," मावशी म्हणाल्या आणि चहा न घेता उठल्या.

त्या शेवटच्या शनिवारी काका जन्मात पहिल्यांदा फ्रीवेने गेले, कारण गाडी मावशींच्या मुलाची होती. तोच चालवत होता. मागे मावशी आणि मी मध्ये कॅनव्हास उभा धरून बसलो होतो. काका पुढे टाय लावून, हात मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसले होते. फ्रीवेची त्यांना खरोखर भीती वाटत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

म्युझियम अर्धं रिकामं झालं होतं. बंडखोरांचं दालन बंद, भिंतींवर चित्रांच्या जागी फिके चौकोन, कोपऱ्यात लाकडी खोकी. बाईसाहेब अजून जागेवर होत्या. मावशींना काकांनी बाकावर बसवलं, वरच्या काचेतून येणाऱ्या उजेडात. मावशींनी चित्राकडे पाहिलं. "कोन हे?" "बँकवाल्याची बायको," मी म्हणाले. "बरी हाय," म्हणाल्या, आणि पदर सावरून हात मांडीवर ठेवले, त्या बाईच्या हातांसारखे.

काकांनी रंग काढले. पहिला तासभर नुसतेच उभे राहिले. मग सुरुवात केली, आणि मला धक्काच बसला. थर वाळायला वेळ नव्हता. ते ओल्यावर ओला रंग चढवत होते, जाड, सरळ, घाईने. मऊ ब्रश त्यांनी हातात घेतलासुद्धा नाही. गुळगुळीत साटीनच्या मधोमध ब्रशचे फटकारे उठत होते.

"काका," मी हळूच म्हणाले, "काम दिसतंय."

"दिसू दे."

"साहेब रागावतील."

"रागावू देत," काका म्हणाले. कानाच्या पाळीला हात लावला नाही.

शेवटचा दिवस म्हणून लोक येत-जात होते. कोणी जवळ आलं की मावशींचे हात आपोआप पदराखाली जायचे. काका थांबायचे. लोक गेले की हात पुन्हा बाहेर यायचे, काका पुन्हा रंग घ्यायचे. मावशींचा मुलगा दारापाशी हाताची घडी घालून उभा होता आणि प्रत्येक वेळी ते हात आत जाताना बघत होता. जेवायची वेळ कधीच टळून गेली. डबा माझ्या पिशवीत तसाच राहिला. मला काकांना ओढून बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी बंद व्हायची घोषणा झाली. पहारेकरी आला. आमच्या कोपऱ्यात तो शेवटी यायचा. मावशींनी हात झाकून घेतले. पहारेकऱ्याने कॅनव्हासकडे पाहिलं आणि त्याचं तोंड फुललं. "हँड्स टुडे!" मग तो पुढे वाकला. एकदा बाईसाहेबांकडे, एकदा काकांच्या चित्राकडे बघू लागला. काळ्या साटीनवर दोन वाकडे, रापलेले हात. जाड नखं, एक उभं चिरलेलं. अंगठ्यामागे पांढरे चट्टे. तो गोंधळला.

"दीज आर नॉट हर हँड्स, सर," तो म्हणाला. मग त्याची नजर बाकाकडे गेली. अंग चोरून बसलेल्या, नऊवारीतल्या मावशींकडे त्याने हळूच बोट केलं. "हू इज द लेडी?"

 मावशींचा मुलगा दारातून एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला. काकांनी ब्रश खाली ठेवला. मी त्यांना ओळखत होते तेवढ्या काळात कोणाशी बोलताना त्यांनी इतकी ताठ मान केलेली मी पाहिली नव्हती.

"माय मदर," काका म्हणाले. "शी हॅज कम टु सी माय पेंटिंग."

शब्द अख्ख्या दालनात ऐकू गेले. पहारेकऱ्याने काकांचे पांढरे केस पाहिले, मावशींचे पाहिले. हिशोब काही जमला नसावा. त्याने घड्याळ पाहिलं. "वी आर क्लोज्ड, सर," तो म्हणाला. मग जरा मागे सरला. "बट लेट हर लुक."

"काय म्हनला तो?" मावशींनी मला विचारलं. "अन् यानं काय सांगतलं?"

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. मावशी थोडा वेळ काकांकडे बघत राहिल्या. मुलाकडे बघितलं. मग पदराखालचे दोन्ही हात बाहेर काढले आणि एक काकांच्या पुढे केला.

"उठव मले. जवळून पाहू दे."

काकांचे हात रंगाने माखलेले होते. ते घाईघाईने फडकं शोधायला लागले, सापडेना, तर शर्टालाच पुसायला लागले.

"राहू दे रे," मावशी म्हणाल्या. "तसाच धर."